निंगप्पामामांचं आर्मेचर

भीमाशंकर मिस्त्री तोंडाचा फटकळ होता, आणि त्याला त्याचा अभिमानही होता. गिऱ्हाईक असो, फौजदार असो, नाहीतर सख्खा मेव्हणा असो, मनात आलेलं ओठावर यायला वेळ लागत नसे. सोलापुरात तुळजापूर वेशीजवळच्या त्याच्या पत्र्याच्या दुकानात येणारे लोक ते हसून सोसत. मिस्त्रीचा हात चांगला, मग तोंडाकडं कशाला बघा, असं म्हणत. पण एका उन्हाळ्यात तो एका माणसाला असं काही बोलून बसला की पुढं जीव तोडला तरी ते त्याला परत घेता आलं नाही. तो माणूस म्हणजे निंगप्पामामा.

मामा काही नात्याचे मामा नव्हते. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात भीमाशंकर नवाच लागला होता तेव्हा मोटारी गुंडाळायचं काम त्यांच्याकडं होतं. माणूस अक्कलकोटच्या पलीकडचा, बोलण्यात निम्मं कानडी. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उलगडायची, तिचे वेढे मोजायचे आणि तितकेच नव्या तारेचे वेढे त्याच खाचांत बसवायचे. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की घाम फुटतो. एक वेढा चुकला, किंवा तारेवर वेष्टलेलं रेशीम कुठं खरवडलं, की आठवड्याची मेहनत धुरात. मामा वेढे कानडीत मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु, आणि मोजणी चालू असताना खुद्द गोरा साहेब शेजारी येऊन उभा राहिला तरी मान वर करायचे नाहीत. तारेला हात कसा लावायचा हे भीमाशंकर त्यांच्याकडून शिकला. तारेला ओढायचं नाही, तिला यायला सांगायचं, असं ते म्हणायचे.

पुढं गिरणीनं माणसं कमी केली आणि मामांना घरी बसवलं. तोवर भीमाशंकरनं स्वतःचं दुकान टाकलं होतं. तो स्वतः त्यांच्या खोलीवर गेला. "तुमी नुस्तं येऊन बसा मामा. दुकानाला शोभा येईल की," म्हणाला. मामा आले, पण नुसतं बसणं त्यांच्या हाडात नव्हतं. डायनामो, मॅग्नेटो, पंपाच्या मोटारी, जे जे गुंडाळायचं ते त्यांच्या पुढ्यात जाई आणि पुन्हा म्हणून परत येत नसे. अशी सहा वर्षं गेली. मामांची साठी जवळ आली, चष्म्याची एक काडी मोडली, तिथं त्यांनी दोरा बांधला. बारीक तार डोळ्यांपासून जरा लांब धरून ते बघायला लागले. भीमाशंकरच्या ते नजरेत येत होतं, पण काम चोख होतं, म्हणून तो गप्प होता.

त्या साली चैत्रात वकील वेणीमाधवपंतांची फटफटी दुकानात आली. सोलापुरात तेव्हा फटफट्या बोटावर मोजण्याइतक्या. बहुतेकांना ठिणगीसाठी मॅग्नेटो आणि दिव्याला कार्बाइड, त्यामुळं बॅटरीची भानगडच नसे. वकीलसाहेबांची गाडी नव्या तऱ्हेची होती. ठिणगी बॅटरीवर, दिवा बॅटरीवर, आणि ती बॅटरी भरायला इंजिनावर फिरणारा डायनामो. म्हणजे बॅटरी उतरली की गाडी नुसतं चार मणांचं लोखंड.

"काटा हलतच नाही रे," वकीलसाहेब म्हणाले. टाकीवर एक छोटं घड्याळासारखं मीटर होतं. बॅटरी भरत असली की त्याचा काटा उजवीकडं जाई, उतरत असली की डावीकडं. गाडी कितीही पळवली तरी तो मध्ये ढिम्म उभा होता.

भीमाशंकरनं डायनामो उघडला. आत फिरणारं, तार गुंडाळलेलं आर्मेचर एका बाजूला जळून काळं झालं होतं. ते मामांकडं गेलं. मामांनी चार दिवस लावून ते नव्यानं गुंडाळलं, डायनामो बसला, गाडी चालू झाली आणि काटा झटकन उजवीकडं गेला. वकीलसाहेब खूश झाले. मामांनी फक्त चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. खरं म्हणजे दुखणं तिथंच संपलं होतं. नवं दुखणं त्याच दिवशी सुरू झालं, आणि ते सुरू झालेलं कुणालाही कळलं नाही.

झालं असं. बॅटरीत अधूनमधून पाणी घालावं लागतं, आणि ते साधं विहिरीचं चालत नाही. वाफ थंड करून केलेलं, वाफेचं पाणी लागतं. औषधांच्या दुकानातून ते काचेच्या मोठ्या बरणीत यायचं आणि भीमाशंकरच्या बाकाखाली असायचं. त्या दिवशी त्याच्याच हातातून पान्हा निसटला आणि बरणी फुटली. औषधवाला म्हणाला, पाणी देतो, पण बरणी आता माझ्याकडं दुसरी नाही, स्वच्छ भांडं घेऊन या. भीमाशंकर मागल्या दारानं घरात गेला आणि बायकोला म्हणाला, "एक चांगलं भांडं दे. पाणी लई चोख लागतंय त्याला. जरा बी घाण चालत न्हाय."

महादेवीनं क्षणभर विचार केला आणि देवघरातून तांब्याची घागर काढून दिली. माहेराहून आलेली. सोमवारी पिंडीवर अभिषेकाचं पाणी ती त्या घागरीतून घाले. एवढं चोख भांडं तिच्या घरात दुसरं नव्हतं.

"देवाची घागर कशाला देतीस?" भीमाशंकर म्हणाला.

"तुमच्या दुकानावरच देवाला फूल मिळतंय न्हवं? मग देवाला काय वाटायचं हाय," ती म्हणाली. "आणि रोज चिंचेनं घासून देते. आत तोंड दिसलं पायजे."

भीमाशंकर फटकळ होता, पण दगड नव्हता. त्याला भरून आलं. त्यानं ती घागर बाकाखाली न ठेवता कोनाड्यात ठेवली, वर स्वच्छ फडकं बांधलं. महादेवी रोज उरलेलं पाणी पातेल्यात काढून घागर आतून चिंचेनं लखलखीत करी, पाण्यानं विसळी आणि ते पाणी परत भरून ठेवी. वकीलसाहेबांच्या बॅटरीत पहिलं पाणी त्याच घागरीतलं पडलं.

आठ दिवसांनी फटफटी ढकलत आली. बॅटरी मेलेली. भीमाशंकरनं डायनामोचे कार्बन काढून साफ केले, बॅटरीकडं वीज सोडणाऱ्या कटाउटच्या टिकल्या घासल्या, गाडी चालू करून पाहिलं. काटा उजवीकडं, जसा हवा तसा. त्यानं बॅटरी भरून दिली आणि उन्हाळ्यानं पाणी कमी झालेलं दिसलं म्हणून घागरीतलं पाणी तोंडापर्यंत घातलं. पाच दिवसांनी गाडी परत दारात. या वेळी त्यानं सगळ्या तारा एकेक करून तपासल्या, कुठं वरचं वेष्टन घासून तार लोखंडाला लागते का पाहिलं, दिव्याचं बटण उघडलं, हॉर्न सोडवला. काही सापडलं नाही. परत बॅटरी भरली, परत पाणी घातलं.

मामा आपल्या जागेवरून बघत होते. "भीमा," ते म्हणाले, "डायनामो भरतोय की. काटा खोटं सांगत न्हाय. तू ती बॅटरी एकटी ठेवून बघ. सगळ्या तारा काढ, बाकावर ठेव, आणि सकाळी बघ किती उरलीय."

भीमाशंकर हसला. "नवी कोरी बॅटरी हाय मामा. मुंबईहून आलेली, पावसाळा बी बघितलेला न्हाय तिनं. तिला काय धाड भरलीय?"

थोड्या वेळानं मामांनीच डायनामो मागून घेतला, आर्मेचर काढलं, उजेडात धरून बराच वेळ फिरवलं. मग कुणी न सांगता त्यांनी आपलंच काम उलगडायला घेतलं आणि पहिल्यापासून परत गुंडाळलं. त्या तीन दिवसांत त्यांनी दोनदा मोजणी अर्ध्यावर सोडून पुन्हा ओंदुपासून सुरुवात केली. भीमाशंकरनं ते ऐकलं आणि मनात नोंदवून ठेवलं. माणसाला एकदा संशय आला की तो प्रत्येक गोष्टीत साक्षीदार शोधतो.

चौथ्या खेपेला वकीलसाहेबांची बार्शीला तारीख होती. एका म्हाताऱ्या बाईचा दावा, तिच्या पुतण्यानं घराबाहेर काढलेली. वकीलसाहेब पहाटे निघाले, वैरागला चहाला थांबले, आणि परत किक मारली तर इंजिनात ठिणगी नाही. पंधरा वीस किका मारल्या. बैलगाडी, मग एक लॉरी, असं करत ते बार्शीला पोचले तेव्हा कोर्ट उठलं होतं आणि वकील हजर नाही म्हणून दावा काढून टाकला होता. पुढं अर्ज करून तो परत लावून घेता आला, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी ती म्हातारी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून रडत होती आणि वकीलसाहेबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन हमालांनी लॉरीतून फटफटी उतरवली. मागोमाग वकीलसाहेब आले. नेहमी थट्टा करणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता. "भीमाशंकर, तुला जमत नसेल तर तसं सांग. मी पुण्याला पाठवतो. माझ्यामुळं एका गरीब बाईचं घर जायची वेळ आली."

शेजारचा पानवाला उठून बघायला आला. रस्त्यावरचे चार लोक थांबले. भीमाशंकरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं सगळ्यांदेखत डायनामो खोलला, आर्मेचर हातात घेतलं, उन्हात धरलं, आणि शोधता शोधता त्याला एका टोकाशी, जिथं तार कथलानं झाळलेली होती तिथं, रेशीम केसभर सरकलेलं दिसलं. तेवढ्यानं काही बिघडत नव्हतं. हे त्याला आतून माहीत होतं. पण त्या क्षणी त्याला काहीतरी सापडायला हवं होतं.

"हे काय हाय मामा?" तो ओरडला.

मामा उठून जवळ आले. चष्मा नाकावर सारला. आर्मेचर डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ घेतलं.

"दिसत न्हाय ना?" भीमाशंकर म्हणाला. "कसं दिसंल! डोळं गेलं तुमचं. मोजणी विसरता, आणि दोन दोन वेळा तेच गुंडाळता. तुमचा हात संपला मामा. मी लाजेकाजेनं बोलत न्हवतो. पण लोकांच्या गाड्या रस्त्यात बसत्यात, लोकांची घरं जात्यात. आता बास करा."

पानवाला खाली बघायला लागला. वकीलसाहेबसुद्धा "अरे, असं काय बोलतोस" म्हणाले, पण हळू. मामांनी चष्मा काढला, सोग्यानं पुसला, परत घातला आणि पुन्हा त्या जागेकडं पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं.

"मला दिसत न्हाय," ते म्हणाले. "तू म्हणतोस तर असंल." मग आर्मेचर त्यांनी बाकावर अलगद ठेवलं आणि स्वतःशीच म्हणाले, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. त्यांनी भाकरीचं फडकं उचललं, चपला घातल्या आणि गेले. हत्यारं तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. महादेवी म्हणाली, "जाऊन घेऊन या त्यास्नी." भीमाशंकर म्हणाला, "येतील की. कुटं जात्यात?" तिसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. तो मामांच्या खोलीवर गेला तर दाराला कुलूप. शेजारची बजाबाई म्हणाली, "निंगप्पा आणि शिवम्मा गावाकडं गेली की. भांडीकुंडी सगळं घेऊन. तुमाला सांगितलं न्हाय?" भीमाशंकर परत आला. त्याला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात एक सुटकाही होती, हे त्यानं पुढं स्वतःशी कबूल केलं. आपण खरं तेच बोललो, आज ना उद्या कुणीतरी बोलायलाच हवं होतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

वकीलसाहेबांनी मुंबईहून नवा डायनामो मागवला. तीन आठवड्यांनी तो आला. भीमाशंकरनं बसवला, बॅटरी भरली, घागरीतलं पाणी घातलं. काटा उजवीकडं गेला. वकीलसाहेब गेले.

नवव्या दिवशी फटफटी ढकलत आली.

या वेळी वकीलसाहेब ओरडले नाहीत. त्यांनी गाडी स्टँडवर लावू दिली, पगडी काढून घाम पुसला आणि सावकाश म्हणाले, "भीमाशंकर, हा डायनामो तर म्हाताऱ्यानं गुंडाळलेला नाही. मग म्हाताऱ्याचा दोष काय होता रे?"

भीमाशंकरनं बॅटरी काढली, ती पुरती भरून घेतली, काचेच्या नळीनं आतलं पाणी किती जड आहे ते मोजलं, कारण बॅटरी उतरली की ते हलकं होतं, आणि मामांनी सांगितलं होतं तसं केलं. सगळ्या तारा काढल्या आणि बॅटरी एकटी बाकावर ठेवली. सकाळी देवाला हात जोडायच्या आधी तो दुकानात आला आणि नळी लावली. बॅटरी निम्मी उतरली होती. तिला कशाचीही तार लागलेली नव्हती. ती बसल्या जागी, एकटी, आतल्या आत मरत होती.

त्यानं बॅटरीवरचं डांबर तापवून काढलं आणि एका खणातली उण्या बाजूची शिशाची पाटी बाहेर ओढली. पाटी राखाडी असायला हवी. हिच्यावर तांबूस झाक होती, पातळ, सगळीकडं पसरलेली. तो रंग भीमाशंकरला दुसऱ्या कुणी सांगायला नको होता. वीस वर्षं तो त्या रंगाची तार हाताळत होता. हे तांबं आलं कुठून, असा प्रश्न त्याच्या मनात पुरता उमटायच्या आत त्याची नजर वर कोनाड्यात गेली. फडकं बांधलेली, चिंचेनं लखलखीत केलेली घागर तिथं होती. त्यानं फडकं सोडलं आणि बोट आतून फिरवलं. चिंचेच्या आंबटपणानं रोज थोडं थोडं तांबं सुटत होतं, पाण्यात उतरत होतं, आणि तो दर खेपेला तेच पाणी स्वतःच्या हातानं बॅटरीत ओतत होता. गाडी बरी करायला म्हणून तो जे करत होता, त्यानंच ती मरत होती.

महादेवी चहा घेऊन आली तेव्हा तो जमिनीवर बसला होता. त्यानं तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "म्या तर आणखी घासून दिली हो," ती म्हणाली. "तुमी चोख पायजे म्हणला म्हणून." ती रडायला लागली. भीमाशंकरनं तिला जराही बोल लावला नाही. जेवढं बोलायचं तेवढं तो चुकीच्या माणसाला बोलून बसला होता.

वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. नवी बॅटरी आली, नव्या काचेच्या बरणीतलं पाणी तिच्यात पडलं आणि गाडी घोड्यासारखी पळायला लागली. तेव्हा तेच म्हणाले, "माझी गाडी घे आणि म्हाताऱ्याकडं जा. मीही त्या दिवशी गप्पच उभा होतो. माझाही नमस्कार सांग."

भीमाशंकरनं मामांचं आर्मेचर बाकावरून उचललं, मऊ फडक्यात गुंडाळलं, कोटाच्या आत छातीशी ठेवलं आणि निघाला. अक्कलकोट मागं पडलं, पुढं काळ्या रानातून चार कोस धुळीचा रस्ता. वाटेत तो काय बोलायचं ते जुळवत होता. पायावर डोकं ठेवायचं, गाडीवर मागं बसवायचं आणि सांजच्या आत मामांना दुकानात त्यांच्या जागेवर आणून बसवायचं, असं त्याच्या मनात होतं. दुपारी तो गावात पोचला.

मामांची बायको शिवम्मा दारात ज्वारी निवडत होती. फटफटीच्या आवाजानं तिनं डोळ्यांवर हात धरला, ओळखलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून भीमाशंकर थांबला. राग आला नाही. ते त्याला जास्त लागलं.

"ये भीमा," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बरं केलंस आलास. यांचं काय करावं मला कळंना झालंय. डोळं चांगलं हायत. लांबून येणारं माणूस चालीवरनं वळखत्यात. पण भाकरीत केस हाय का ते मला बघाय लावत्यात. सदऱ्याचं बटण मला लावाय लावत्यात. शेजारच्यांचा चरक मोडला, लोक बोलवाय आली, तर म्हणाले, माझ्या हाताचा भरवसा न्हाय, दुसऱ्याला बोलवा. माणूस जितं हाय रे, आणि हात मेल्यागत धरून बसतंय."

मामा मागच्या अंगणात लिंबाखाली बसले होते. दाढी वाढली होती. भीमाशंकर सरळ गेला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

"एळु, एळु, ऊठ," मामा म्हणाले. "असं काय करतोस?"

त्यानं सगळं सांगितलं. बरणी फुटली ते, घागर, चिंच, पाटीवरची तांबूस झाक, मुंबईच्या डायनामोचं झालं ते. बोलताना तो दोनदा अडखळला. "तुमी म्हणला हुता, बॅटरी एकटी ठेवून बघ. म्या ऐकलं न्हाय. तुमचा कणभर दोष न्हवता मामा. सगळा माजा."

मामा शांतपणे ऐकत होते. संपल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुजं मन मोठं हाय भीमा," ते म्हणाले. "एवढ्या लांब आलास. लई बरं वाटलं."

"मामा, खरं सांगतोय."

"व्हय, व्हय." मामा हसले, लहान पोराची समजूत काढावी तसे. "तांबं कुणाचं वाईट करत न्हाय बाबा. देवाच्या घागरीतलं पाणी, आणि त्यानं बॅटरी मरती? मला वाईट वाटू न्हाय म्हणून तू काय काय जुळवून आणलंस."

"तुमीच बॅटरी बघ म्हणला हुता की!"

"आपली चूक उघडी पडायची वेळ आली की माणूस दुसरीकडं बोट दाखवतं. म्या बी दाखवलं. त्या दिवशी तू रागात हुतास, तवा मनातलं बोललास. आता राग गेला, दया आली. दोन्ही तुजंच. पण खरं कुठलं ते मला कळतं."

उभ्या आयुष्यात ज्या तोंडाचा भीमाशंकरला अभिमान होता, त्या तोंडाचा शब्द आज कुणी घेत नव्हतं. त्यानं कोटातून फडकं काढलं, सोडलं आणि आर्मेचर मामांच्या मांडीवर ठेवलं. "मग हे तरी बघा," एवढंच म्हणाला.

मामांनी हात मागं घेतला. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मग हळूच एक बोट लावलं, मग दुसरं. आर्मेचर उचललं, डोळे मिटले आणि ते बोटांत फिरवायला लागले. खाचेवरून खाचेवर अंगठा सरकत गेला. तारांच्या टोकांशी आला, तिथं थांबला, पुढं गेला. भीमाशंकर त्या हाताकडं बघत होता. मामांच्या ओठांची किंचित हालचाल होत होती. ते मोजत होते. चुकले नाहीत, मध्येच थांबले नाहीत, शेवटपर्यंत गेले.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर जुना, दुकानातला उजेड होता.

"कुणाचं काम हे?" ते म्हणाले. "वेढ्यावर वेढा कसा बसलाय बघ. कुटं ओढलेलं न्हाय तारेला. असा हात मिळत न्हाय भीमा. त्याला सोडू नकोस."

"तुमचंच हाय ते मामा," भीमाशंकर म्हणाला. "तुमीच गुंडाळलंय. तेच हाय हे, त्या दिवशीचं."

मामांनी त्याच्याकडं पाहिलं. मग आर्मेचरकडं पाहिलं. क्षणभर, अगदी क्षणभर, भीमाशंकरला वाटलं की आता पटलं. पण मामांनी मान हलवली आणि ते आर्मेचर परत फडक्यात ठेवून त्याची चारी टोकं नीट आत घ्यायला लागले.

"न्हाय रे," ते म्हणाले. "माज्या हातचं असतं, तर तू मला तसं बोलला असतास का?"

भीमाशंकर तिथंच जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. मामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि शिवम्माला हाक मारून म्हणाले, पोरगं उन्हातनं आलंय, त्याला ताक दे.